शस्त्रं देणारा युद्ध थांबवू शकतो का?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिका आणि रशियाने शस्त्रं दिली नसती तर अरब-इस्रायल युद्धं झालीच नसती ना? शस्त्रं ज्याची त्याच्याच हातात सूत्रं, मग ते थांबवत का नाहीत? आणि एवढी रशियन शस्त्रं असून अरब हरले कसे? आपल्या देशाचा यात काही संबंध येतो का?"

एका दमात चार प्रश्न आहेत, पण मुळात शंका एकच दिसते. शस्त्र देणाऱ्याच्या हातात नेमकं असतं काय? ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

मी लष्कराच्या हवाई संरक्षण शाखेत २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रशियन सामानावर. आधी शिल्का ही विमानविरोधी तोफगाडी, नंतर क्वाद्रात. नाटोवाले ज्याला सॅम-६ म्हणतात, ज्याने ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायली वैमानिकांची झोप उडवली, ते क्षेपणास्त्र म्हणजेच क्वाद्रात. त्यामुळे या विषयाकडे मी स्टोअरच्या दारातून बघतो. कोण बरोबर, कोण चूक, यावर लिहिणारे भरपूर आहेत. तो माझा प्रांत नाही. एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझं उत्तर तीन बाबींवर अवलंबून आहे: युद्ध किती दिवस चालणार, घेणाऱ्याला दुसरं दुकान आहे का, आणि तो घरी काय काय बनवू शकतो. या तीन बदलल्या की उत्तरही बदलतं.

रशियन सामानाबरोबर 'झिप' येते. सुटे भाग, हत्यारं आणि किरकोळ जोडसामान यांची पेटी. लाकडी, हिरव्या रंगाची, आत यादी, आणि प्रत्येक वस्तू मेणकागदात गुंडाळून आपापल्या खाचेत बसवलेली. पेटी उघडली की ग्रीसचा एक वास यायचा, तो अजून नाकात आहे. नव्या पोरांना मी रडार नंतर दाखवायचो, आधी झिप. यादीत एखादा व्हॉल्व्ह चार नग लिहिलेला असेल, तर चौथा जळाल्यावर ते रडार म्हणजे पट्ट्यांवर उभं असलेलं नुसतं लोखंड. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा हे आम्ही अंगावर घेतलं. मागणीपत्र पाठवलं की उत्तर यायचं, तो कारखाना आता दुसऱ्या देशात गेला. पुष्कळदा उत्तरच यायचं नाही. मग चार गाड्यांतली एक उभी करून तिचे भाग बाकीच्या तिघींना लावायचे. कागदावर चार, परेडला चार, कामाच्या तीन. आमच्यावर कुणी बंदी घातली नव्हती, कुणाशी भांडण नव्हतं, युद्धही नव्हतं. तरी ही गत.

म्हणून मी म्हणतो की शस्त्र देणाऱ्याच्या हातात युद्धाचे दिवस असतात. युद्ध सुरू करायचं की नाही हे घेणारा ठरवतो. ते पाच दिवस चालणार की पंचवीस, हे बऱ्याच अंशी देणारा ठरवतो. आणि देता देता तो स्वतःही त्यात गुंतत जातो.

आता हे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवर तपासून बघू.

१९४८ पासून सुरुवात करू. इस्रायलची घोषणा झाली, अरब सैन्यं आत आली आणि २९ मेला सुरक्षा परिषदेने सगळ्या बाजूंना शस्त्रबंदी लावली. कागदावर अगदी समान न्याय. पण ट्रान्सजॉर्डनचं अरब लीजन हे त्या भागातलं सगळ्यात शिस्तीचं सैन्य ब्रिटिश अधिकारी चालवत होते आणि त्यांचा दारूगोळा ब्रिटनमधून यायचा. ब्रिटनने बंदी पाळली, आणि लीजनच्या तोफा गोळे मोजून मोजून डागू लागल्या. इस्रायलने मात्र चेकोस्लोव्हाकियातून रायफली, मशीनगन आणि विमानं उचलली. ही लढाऊ विमानं म्हणजे जर्मन मेसरश्मिटचीच चेक आवृत्ती. हिटलरचं हवाई दल ज्या जातीच्या विमानांवर लढलं, त्याच जातीची विमानं ज्यूंचं नवं राष्ट्र वाचवायला आली, आणि तीही स्टालिनच्या मूक संमतीने! शस्त्रबंदी ज्याचं एकच दुकान आहे त्याला पूर्ण लागते, बाकीच्यांना अर्धीमुर्धी. १९६५ ला अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही शस्त्रं थांबवली तेव्हा घाव पाकिस्तानला जास्त बसला, तो याच कारणाने.

म्हणजे 'बाहेरून शस्त्रं आली नसती तर युद्ध झालंच नसतं' हे मला पटत नाही. जमिनीचं, निर्वासितांचं, सीमेचं भांडण तिथलंच आहे. शस्त्रं नसती तर युद्ध वेगळ्या आकाराचं झालं असतं: लहान, लांबलेलं, कदाचित जास्त हातघाईचं. गाझातल्या सुरुवातीच्या कस्सम रॉकेटांचं इंधन आठवा. साखर आणि खतातला पोटॅशियम नायट्रेट. त्यावर बंदी कोण आणि कुठे घालणार?

१९५५ च्या सप्टेंबरात इजिप्तचे नेते नासेर यांनी चेक शस्त्रांचा मोठा करार जाहीर केला. पाश्चात्त्य देश त्यांच्या अटींशिवाय द्यायला तयार नव्हते आणि त्या वर्षी फेब्रुवारीत गाझावर झालेला इस्रायली छापा नासेरना चांगलाच झोंबला होता. आडून मॉस्को होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. लगेच इस्रायल फ्रान्सकडे वळला आणि मिस्टेअर विमानं, एएमएक्स रणगाडे येऊ लागले. पुढच्या वर्षी इजिप्तच्या सुवेझ कालव्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल मिळून तुटून पडले. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे युद्ध थांबवलं अमेरिकेने, आणि अमेरिकेने तोवर इस्रायलला नाव घेण्याजोगी शस्त्रं दिलेलीच नव्हती! आयझेनहॉवर यांनी शस्त्रांना हात लावला नाही, पौंडाला लावला. पौंड घसरत होता आणि नाणेनिधीचा पैसा अमेरिकेच्या होकाराशिवाय सुटणार नव्हता. ब्रिटन काही दिवसांत नमलं. इस्रायलही मार्च १९५७ मध्ये इजिप्तच्या सिनाईतून बाहेर पडला. कधी कधी युद्धाची चावी शस्त्रांच्या कोठारात नसतेच, ती बँकेत असते.

१९६७ ला इस्रायलचं हवाई दल जवळजवळ पूर्ण फ्रेंच होतं: मिराज, मिस्टेअर, वोतूर. युद्धाच्या तोंडावर, जूनच्या सुरुवातीला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी पुरवठा रोखला. युद्ध थांबलं का? पहिल्याच सकाळी इजिप्तचं हवाई दल जमिनीवर संपलं आणि सहा दिवसांत सगळं उरकलं. कोठारात जेवढं होतं तेवढ्यात युद्ध बसलं, म्हणून बंदीला काम करायला वेळच मिळाला नाही. दिवसांचा हिशेब म्हणतो तो हा.

पण बंदीचे परिणाम नंतर दिसले, आणि भलतेच दिसले. पैसे भरलेली ५० मिराज-५ विमानं फ्रान्सने दिलीच नाहीत. बैरूत विमानतळावरच्या छाप्यानंतर जानेवारी १९६९ मध्ये बंदी आणखी कडक झाली. शेरबूर बंदरात इस्रायलसाठी बांधलेल्या पाच नौका अडकून होत्या. १९६९ च्या नाताळच्या रात्री, सगळं गाव सणात असताना, त्या वादळी समुद्रात निसटल्या आणि वर्ष संपायच्या आत हैफाला लागल्या. इस्रायलने मिराजच्या धर्तीवर आधी नेशर आणि मग कफिर अशी स्वतःची विमानं बनवली. म्हणजे सुटले का ते? कफिरमध्ये इंजिन अमेरिकन होतं. १९७७ मध्ये इस्रायलने कफिर इक्वाडोरला विकायचं ठरवलं तर कार्टर सरकार म्हणालं, आमच्या इंजिनासकट विकता येणार नाही. सौदा तिथेच मोडला. दोर कापला असं वाटतं, आणि तो इंजिनाला बांधलेला निघतो.

इथे एक अवांतर, पण आपल्या घरचं. ऑक्टोबर १९६७ मध्ये पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या लहानशा नौकांनी 'एलात' ही इस्रायली विनाशिका सोव्हिएत स्टिक्स क्षेपणास्त्रांनी बुडवली. चार वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, त्याच स्टिक्सने आपल्या नौदलाने कराची पेटवली. हत्यार तेच, पण त्या रात्री सगळं जुळून आलं ते नौका कराचीच्या जवळ ओढत नेण्याच्या आपल्या युक्तीने.

आता सोव्हिएत बाजू. ६७ चा पराभव झाल्यावर मॉस्कोने इजिप्तला पुन्हा उभं केलं. जानेवारी १९७० मध्ये नासेर गुपचूप मॉस्कोला जाऊन आले. त्यानंतर क्षेपणास्त्रं आली ती त्यांची माणसं घेऊनच. बटण दाबणारेही रशियन. रशियन वैमानिक इजिप्तच्या खुणा रंगवलेली मिग-२१ उडवत होते. ३० जुलै १९७० ला इस्रायली विमानांनी त्यांची पाच मिग पाडली. दोन्ही बाजू गप्प बसल्या, कारण कुणालाच महायुद्ध नको होतं. हाच तो गुंतत जाण्याचा प्रकार. आधी पेटी पाठवायची, मग पेटी उघडायला माणूस, मग त्या माणसाला सांभाळायला विमान.

आणि एवढं गुंतूनही सूत्रं हातात आली का? नाही. जुलै १९७२ मध्ये नासेरनंतर आलेले इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी हजारो सोव्हिएत सल्लागारांना घरी पाठवलं. पुढच्या वर्षी ६ ऑक्टोबरला त्यांच्या सैन्याने सुवेझ कालवा ओलांडून इस्रायलवर हल्ला चढवला. मॉस्कोला कळलं ते जेमतेम दोन-तीन दिवस आधी. सोव्हिएत कुटुंबं घाईघाईने विमानात भरून हलवली, यावरून त्यांचा ताबा किती होता ते समजा. शस्त्रं रशियाची, तारीख सादातांची. आणि सगळ्यात कामाचं हत्यार तर शस्त्रच नव्हतं. कालव्याकाठची वाळूची प्रचंड भिंत इजिप्तच्या इंजिनिअरांनी ब्रिटिश आणि जर्मन बनावटीच्या पाण्याच्या पंपांनी कापून काढली.

इथे जरा माझ्या कामाचं बोलतो. क्वाद्रातचं रडार लक्ष्यावर सलग किरण धरून ठेवतं आणि त्याचा परतीचा पडसाद पकडत क्षेपणास्त्र जातं. इस्रायलच्या फँटम या अमेरिकन लढाऊ विमानातली इशारा देणारी यंत्रणा जुन्या, ठोके टाकणाऱ्या रडारसाठी होती. सलग किरण तिला ऐकूच यायचा नाही. वैमानिकाला कळायचं ते धुराची रेघ दिसल्यावर, म्हणजे फार उशिरा. ७ ऑक्टोबरला गोलान टेकड्यांवरच्या सीरियन क्षेपणास्त्रांवर केलेल्या एकाच हल्ल्यात सहा फँटम गेली, आणि बदल्यात उद्ध्वस्त झाली क्षेपणास्त्रांची एकच तुकडी. पण क्वाद्रात पोहोचतं सुमारे २४ किलोमीटर. त्या छत्रीखाली आहात तोवर आभाळ तुमचं. सादातांची मूळ योजना छत्रीखालीच बसायची होती. सीरियाची दमछाक झाली, तिकडून विनवण्या आल्या, आणि १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे छत्रीबाहेर पडले. एका दिवसात सुमारे २५० गेले. मग १५-१६ च्या रात्री इस्रायली सेनानी शेरॉन यांची माणसं कालवा उलट्या दिशेने ओलांडून गेली आणि त्यांच्या रणगाड्यांनी पलीकडची क्षेपणास्त्रं जमिनीवरून फोडायला सुरुवात केली. विमानांना वाट करून देणारे रणगाडे! हा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा नकाशावर उलगडला असेल. रडारवाल्याची नजर आभाळाकडे, आणि मरण येतं मागच्या रस्त्याने.

एव्हाना दोघांचीही कोठारं तळाला लागली होती. असं युद्ध कुणी धरलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी पट दारूगोळा खातं. सोव्हिएत विमानं आठवडा भरायच्या आतच दमास्कस आणि कैरोला उतरू लागली होती. अमेरिकेची मोठी मालवाहू विमानं १४ ऑक्टोबरपासून इस्रायलच्या लोद विमानतळावर उतरली. युरोपातल्या दोस्तांनी अरबी तेलाच्या भीतीने वाट दिली नाही. पोर्तुगालने अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ दिला, म्हणून ते जमलं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवेतून २२,००० टनांच्या वर माल गेला. पुष्कळ लोक म्हणतात की यातला बराच माल शस्त्रसंधीनंतर पोहोचला, मग त्याचा उपयोग काय? ज्याने कोठार सांभाळलंय त्याला विचारा. माल येतोय एवढं पक्कं कळलं की 'राखीव' म्हणून बाजूला ठेवलेले गोळे त्याच रात्री बाहेर निघतात. विमान अजून अझोर्सला उभं असतं आणि त्याचा परिणाम सुवेझवर दिसायला लागतो.

त्याची किंमतही देणाऱ्याला मोजावी लागली. १९ ऑक्टोबरला निक्सन यांनी इस्रायलसाठी २.२ अब्ज डॉलर मागितले, दुसऱ्याच दिवशी सौदी अरेबियाने अमेरिकेचं तेल बंद केलं. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो जानेवारीत बाराच्या जवळ गेला. आमच्या घरी त्या हिवाळ्यात रॉकेलच्या रांगेत मी आणि माझा भाऊ आळीपाळीने उभे राहायचो. सुवेझ कुठे आहे हे तेव्हा मला माहीतही नव्हतं.

आता 'मग ते थांबवत का नाहीत' याचं उत्तर. थांबवतात, पण स्वतःच्या सोयीने. २२ ऑक्टोबरची शस्त्रसंधी मोडली, इस्रायलने सुवेझ शहराभोवती इजिप्तची तिसरी सेना कोंडली. सुमारे ३०,००० माणसं, पाण्याशिवाय. २४ ला सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी कळवलं की गरज पडली तर आम्ही एकटे सैन्य पाठवू. त्या रात्री अमेरिकेने जगभरच्या आपल्या फौजा सज्ज केल्या. आणि त्याच वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर इस्रायलला बजावत होते की ही सेना तुम्हाला संपवू देणार नाही. ज्याला दोन आठवडे गोळे पुरवले त्याचाच हात धरला, ते समोरच्याचं सैन्य वाचवायला! संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली पाणी, अन्न, औषधं आत गेली, आणि कैरो-सुवेझ रस्त्यावर १०१ व्या किलोमीटरच्या दगडापाशी दोन्ही बाजूंचे अधिकारी तंबूत बोलायला बसले. किसिंजर यांचा हिशेब सरळ होता. वाचलेला, उपकृत इजिप्त मॉस्कोकडून फोडता येतो. तो फुटलाही.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: युद्धाची तारीख घेणारा ठरवतो, लांबी देणारा ठरवतो, आणि ते कुठे थांबवायचं यावर देणाऱ्याचा जोर तेव्हाच चालतो जेव्हा घेणाऱ्याचं कोठार रिकामं असतं आणि दुसरं दुकान बंद असतं.

'रशियन शस्त्रं असून हरले कसे' याला फार वेळ देत नाही. ९ जून १९८२ ला लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियाच्या १९ क्षेपणास्त्र तुकड्यांपैकी १७ एका दुपारात गेल्या. त्यात क्वाद्रातही होतं, नऊ वर्षांपूर्वी ज्याने फँटम पाडली तेच. फरक एवढाच की पट्ट्यांवर चालणारं ते सामान सीरियनांनी बराच काळ त्याच त्या जागी ठेवलं होतं. इस्रायलच्या चालकविरहित विमानांनी एकेक जागा टिपली, आमिष दाखवून रडार चालू करायला लावली, आणि मग चाप ओढला. जे हलवायचं ते हलवलं नाही, तर त्यात रशियाचा काय दोष?

आजचं विचाराल तर चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेचा इस्रायलशी २०१९ ते २०२८ असा दहा वर्षांचा ३८ अब्ज डॉलरचा करार आहे, आणि त्यातला मोठा पैसा अमेरिकन कारखान्यांतच परत जातो. म्हणजे नळ बंद केला की घरच्याच कामगाराचं पाणी तुटतं. मे २०२४ मध्ये बायडन यांनी गाझातल्या राफा शहराच्या प्रश्नावर २,००० पौंडी बॉम्बची एक खेप अडवली. बाकीचा पुरवठा चालू राहिला, युद्धही चालू राहिलं. नव्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये तीही खेप सोडली. एक खेप अडवणं हा निरोप असतो, त्याने दिवस कमी होत नाहीत. खरंच थांबवायचं असेल तर कुठल्या वस्तूचा साठा सगळ्यात आधी संपतो ते शोधून तीच थांबवावी लागते, आणि तेवढी राजकीय किंमत मोजायची तयारी असावी लागते.

राहिला शेवटचा प्रश्न, आपला संबंध. तो आहे, आणि थेट नाशिकपर्यंत येतो. युद्धानंतर सादात अमेरिकेकडे झुकले तसे मॉस्कोने इजिप्तच्या मिग विमानांचे सुटे भाग बंद केले. इजिप्तने भारताला विचारलं, कारण मिग-२१ आपण परवान्याने घरीच बनवत होतो: सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला. नासेर-नेहरूंपासूनची मैत्री, विमान तेच, भाग आपल्याच कारखान्यातले. पण परवाना मॉस्कोचा. मॉस्कोची परवानगी मिळाली नाही, आणि आपण कैरोला नकार कळवला. मार्च १९७६ मध्ये सादात यांनी सोव्हिएत संघाशी असलेला मैत्री करार मोडीत काढला, तेव्हा जी कारणं जाहीरपणे सांगितली त्यात ही गोष्टही होती. मिगची इंजिनं आणि सुटे भाग शेवटी इजिप्तला चीनने दिले.